मधेच वाजलेली टाळी

पहिली टाळी वाजली, दुसरी वाजली, आणि तिसरीसाठी हात लांब गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत टाळ्या वाजवणारी मी एकटीच आहे. हात हवेतच राहिले. चाळीस-पंचेचाळीस माणसं असतील, सगळी माझ्याकडे वळली होती, आणि जिची गाणी ऐकायला आम्ही जमलो होतो ती गिटारवाली पोरगी समोर उभी होती, तिचे ओठ अजून हलत होते. म्हणजे गाणं चालू होतं. गिटारवरचा हात तिने कधीच उचलला होता, माईकपासून ती दोन पावलं मागे सरकली होती, मान खाली होती. माझ्या मते गाणं संपून चांगले तीन-चार श्वास झाले होते आणि लोक गप्प का बसलेत याचं मला उलट नवल वाटत होतं. नवख्या मुलीने एवढा जीव ओतून गावं आणि दाद द्यायला कुणी पुढे होऊ नये, हे मला बघवेना, म्हणून मी वाजवली. पुढच्या रांगेतल्या टोपीवाल्या गृहस्थाने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. शेजारी बसलेल्या माझ्या लेकीचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि दाबला गेला. गाणारीचे ओठ आणखी थोडा वेळ हलले, मिटले, मग ती माईकपाशी आली आणि हसून म्हणाली, "घाई झाली वाटतं कुणाला तरी." खोलीभर हशा पिकला आणि त्यानंतर खऱ्या टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. मी हात मांडीखाली घालून बसले होते.

आता कुणाला वाटेल, बाई शरमेने पाणी पाणी झाली. मुळीच नाही. मला राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा हे कळत नसल्यामुळे जास्तच येत होता. तोवर तो दीड तास माझा इतका छान गेला होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची लांबट खोली, चार तऱ्हेच्या खुर्च्या, खिडकीतून येणारं रविवारचं दुपारी चारचं ऊन, आणि भिंतीला टेकून उभी राहिलेली ती पंचविशीची मुलगी. लेकीच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीतली. अजून तिचं नाव झालेलं नाही पण होणार, असं लेक मला आठवडाभर सांगत होती. गाणी तिची तीच लिहिते, चाल तीच लावते. एक गाणं अडकलेल्या लिफ्टवर होतं, एक आईच्या हस्ताक्षरातल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर, आणि शेवटचं, ते गाणं, रिकाम्या केलेल्या घरावर. कपाट हललं की भिंतीवर त्याच्या आकाराचा जुना रंग दिसतो, असं काहीसं त्यात होतं, आणि मला आमचं घर सोडतानाची भिंत इतकी स्पष्ट दिसली की मी पर्समधला रुमाल काढला. गाणं ऐकून रुमाल काढायची वेळ माझ्यावर पन्नाशीनंतर आली. आणि मग मी टाळी वाजवली, आणि त्या टोपीवाल्याने बोट ठेवलं.

ते बोट माझ्या ओळखीचं होतं. बाबांचं बोट अस्संच असायचं, सरळ, नाकाच्या रेषेत, खाली डोळे आणखी मोठे झालेले. रविवारी सकाळी बाबांचे दोघे-तिघे मित्र घरी जमायचे आणि बाबा व्हायोलिन वाजवायचे. बरं वाजवायचे की वाईट हे मी आजही सांगू शकणार नाही. आम्हा मुलांनी मांडी घालून, पाठ ताठ करून, न खाजवता, न शिंकता बसायचं. मी सात वर्षांची असताना एकदा त्यांचा सूर असा काही वर चढला आणि तिथे थरथरत राहिला की माझ्या तोंडून "छान" असं निघून गेलं, चांगलं मोठ्याने. बाबांनी वाजवणं थांबवलं. बोट ओठांवर नेलं. मग त्याच बोटाने दार दाखवलं. ओरडले नाहीत, मारलं नाही, नंतर कधी विषयही काढला नाही, पण पुढची पाच वर्षं मी त्यांचं व्हायोलिन दाराच्या बाहेर बसून ऐकलं. बारा वर्षांची झाल्यावर परत आत घेतलं ते आईच्या जामिनावर. आई शेजारी बसायची आणि तिचा तळहात माझ्या गुडघ्यावर असायचा. तिने दाबला की वा म्हणायचं, सोडला की गप्प. पुढे पुढे पाहुण्यांसमोर हसायचं केव्हा, बोलायचं केव्हा, उठायचं केव्हा हेही त्या तळहाताकडूनच यायला लागलं. लग्न होऊन घर सोडेपर्यंत माझी सगळी दाद आईच्या हातातून येत होती आणि लोक म्हणायचे, काय समजूतदार मुलगी आहे.

घरी जाताना लेक माझ्याशी फार गोड बोलत होती, आणि ती गोड बोलायला लागली की मला धडकी भरते. होतं असं आई, कुणाच्या लक्षातही राहणार नाही, पुढच्या महिन्यात ती परत गाणार आहे तेव्हा मी सांगेन तुला. काय सांगशील, मी विचारलं. वाजवायच्या कधी ते, ती म्हणाली, आणि नकळत तिने माझ्या दंडाला धरून मला फुटपाथच्या आतल्या बाजूला घेतलं, मी तिला शाळेत नेताना घ्यायची तसं. मी हात सोडवून घेतला. दोन दुकानं ओलांडल्यावर ती म्हणाली, किती सुंदर म्हणाली ना ती शेवटच्या ओळी, नुसत्या श्वासात.

"कुठल्या ओळी?" मी म्हटलं.

ती चालायची थांबली. मीही थांबले. आमच्यामधून एक बाई बाबागाडी घेऊन गेली. लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की तिला काय कळलं ते मला कळलं, आणि ती त्या ओळी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मी तिला म्हटलं की सांगू नकोस, एक शब्द सांगू नकोस. पुढचा रस्ता आम्ही हवापाण्यावर बोललो.

खरं तर हे तिच्याआधी मला कळायला हवं होतं. सव्वीस वर्षं मी लोकांचे कान तपासते. कानाच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक बंद खोली आहे, भिंतींना जाड गादी, काचेची एक खिडकी. आत पेशंट बसतो हेडफोन लावून, हातात बटण, बाहेर मी. ऐकू आलं की बटण दाबा, अगदी बारीक आलं तरी दाबा, नाही आलं तर दाबू नका. हे वाक्य मी दिवसातून पंधरा वेळा म्हणते, झोपेतही म्हणत असेन. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, असा तो आलेख भरत जातो आणि माणसाला काय ऐकू येतं आणि काय निसटतं ते कागदावर उतरतं. लोक लबाडी करतात. ऐकू न येणारी माणसं फार हुशार असतात. ती काचेतून माझ्या हाताकडे बघतात आणि माझं बोट हललं की बटण दाबतात. एका शाळामास्तरांनी तर माझ्या भुवईवरून अर्धी चाचणी पास केली होती. म्हणून मी आतली खुर्ची कायमची भिंतीकडे वळवून ठेवली आहे. लोक चिडतात. मी म्हणते, तुमच्या कानांची परीक्षा आहे, डोळ्यांची नाही.

आणि रोज सकाळी पेशंट यायच्या आधी एक काम असतं. हेडफोन स्वतः लावायचे, खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत प्रत्येक सूर स्वतःच्या कानाने ऐकायचा आणि वहीत लिहायचं, यंत्र ठीक. त्या टाळीच्या दोन महिने आधी सगळ्यात वरचा, आठ हजार हर्ट्झचा सूर येईनासा झाला. मी यंत्रवाल्याला बोलावलं. तो आला, हेडफोन लावले, बटणं फिरवली आणि म्हणाला, येतोय की मॅडम. मी परत लावले. काही नव्हतं. आत नुसती गादीची शांतता होती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्या शाळामास्तरांसारखीच मी त्याच्या भुवईकडे बघत होते. ती वर गेली तशी मी म्हटलं, हो, आता येतोय, मघाशी वायर सैल असेल. त्याने वायर उगाच दाबल्यासारखी केली, कागदावर सही घेतली आणि गेला. त्यानंतर दोन महिने रोज सकाळी मी यंत्र ठीक असं लिहीत होते. यंत्र ठीकच होतं म्हणा. खोटं म्हणावं असं त्यात एक अक्षर नव्हतं, आणि तरी मी ती वही कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने ड्रॉवरमध्ये ठेवत होते.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी अर्धा तास लवकर गेले आणि आमच्याकडच्या दुसऱ्या तपासनीस बाईंना म्हटलं, माझी घ्या. त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. सव्वीस वर्षांत मी त्या खुर्चीत धूळ पुसण्याखेरीज कधी बसले नव्हते. भिंतीकडे तोंड करून बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं की माणूस तिथे किती एकटा असतो. स्वतःचं रक्त ऐकू येतं, गिळलेली थुंकी ऐकू येते. मान वळवून बाईंच्या हाताकडे बघायची अशी काही इच्छा झाली की मी डोळे घट्ट मिटून घेतले. खालचे सूर आले, मधले आले, मी पटापट दाबत होते. मग वरचे एकेक बारीक होत गेले आणि मध्ये मध्ये नुसता भास व्हायला लागला, आहे की नाही, आला की मला हवा होता म्हणून आला. दाबावंसं वाटत होतं. दाबलं असतं तर बाईंनी बहुधा चालवूनही घेतलं असतं. पण मला त्या क्षणी सात वर्षांची ती मुलगी आठवली, जिने कुणाच्या हाताकडे न बघता, आपल्याला आलं म्हणून छान म्हटलं होतं. तेवढं एकदाच. त्यानंतर मी कशाकशाला दुसऱ्यांचा हात बघून छान म्हणत आले याची मोजदाद केली असती तर त्या खोलीतून बाहेरच आले नसते. मी अंगठा बटणावरून उचलून घेतला आणि नाही आलं तिथे नाही दाबलं. बाहेर आले तेव्हा कागदावर लाल आणि निळी, दोन्ही रेषा उजवीकडे जिना उतरल्यासारख्या खाली गेल्या होत्या. स, श, फ, कुजबूज, श्वास, सगळं त्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर असतं. त्या पोरीचा शेवट तिथेच कुठेतरी होता.

कागदावर नाव न घालता मी तो डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, पंचावन्नच्या आसपास, वयाचा भाग आहे, कानात घालायचं मशीन सांगा, टाळाटाळ करतील, सगळेच करतात. मी म्हटलं, करणार नाही, माझाच आहे. डॉक्टर भला माणूस आहे, त्यांनी मला बसायला सांगितलं, जे ते कधी सांगत नाहीत. मग म्हणाले की कामाला काही अडत नाही, सूर यंत्र काढतं, तुम्हाला तो ऐकू यायलाच हवा असं नाही, पेशंट शब्द ऐकून परत म्हणतो त्या चाचणीपुरतं मशीन घाला, सकाळचं तपासणं दुसऱ्या बाई करतील. आणि आवाज खाली आणून म्हणाले, पेशंटना कळायची गरज नाही, केस मोकळे सोडलेत की झाकतंही. मी त्यांचे आभार मानले, कारण नोकरी शाबूत राहिली याचं मला खरंच हायसं वाटलं होतं. पण झाकायचं हा शब्द काही केल्या खाली उतरेना. बाहेर येऊन मी ती वही ड्रॉवरमधून काढली, टेबलावर सगळ्यांसमोर उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं, आठ हजारचा सूर मला ऐकू येत नाही, यंत्र ठीक. खाली सही केली, पूर्ण. मशीन यायला वेळ होता, तरी दुसऱ्या दिवशी केस वर बांधून गेले.

त्या महिन्यात मी त्या खोलीबद्दल जेवढा विचार केला तेवढा स्वतःच्या लग्नाबद्दलही केला नसेल. कानाच्या मशीनसाठी साचा दिला होता, ते यायला अजून आठवडा होता, आणि लेक म्हणत होती की यावेळी राहू दे, मशीन आल्यावर जाऊ, मग तुला सगळं नीट कळेल. तिचं चुकत नव्हतं. चुकत नसलेल्या माणसांशी भांडायला शब्द सापडत नाहीत. नीट कळेल म्हणजे काय, मला विचारायचं होतं. त्या दिवशी मला जे कळलं होतं ते काय फुटकं होतं? कपाटामागचा तो जुना रंग मला दिसला होता, रुमाल मी काढला होता. शेवटच्या चार ओळी सोडल्या तर ते गाणं त्या टोपीवाल्याइतकंच माझंही होतं, आणि शेवट म्हणाल तर माझाही शेवट झालाच होता, त्यांच्यापेक्षा थोडा आधी. कधी संपलं हे ठरवायचा हक्क फक्त पूर्ण कानवाल्यांना कुणी दिला? हे असं मी भांडी घासताना भांड्यांना विचारायची. लेकीला फक्त एवढंच म्हटलं की मी जाणार आहे, तुला यायचं तर ये.

ती आली. आम्ही लवकर पोचलो आणि गाणारी खिडकीपाशी गिटारच्या तारा जुळवत होती. मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मागच्या वेळी मधेच टाळी वाजवली ती मी, म्हटलं. ती ओशाळली, म्हणाली मी गमतीने बोलले हो, मनावर घेऊ नका. मी म्हटलं, मनावर घेतलंय. तिला सगळं सांगितलं, जिना, स आणि श, तिची कुजबूज माझ्यापर्यंत पोचत नाही हेही. तिने गिटार खाली ठेवली. जवळून ती अगदीच लहान दिसत होती, नखं कुरतडलेली, आणि मला वाटून गेलं की हिलाही कुणीतरी कधी दाराबाहेर बसवलं असेल. ती म्हणाली, तो शेवट फार नाजूक आहे, महिने लागलेत मला तो जमायला, तिथे थोडा आवाज झाला तरी... मग तिला एकदम उपाय सुचल्याचा आनंद झाला. मी संपलं की तुमच्याकडे बघून मान हलवीन, म्हणजे तुम्हाला कळेल.

"खूण नको," मी म्हटलं. "माझं जिथे संपेल तिथे मी वाजवणार. एकच वाजवीन."

ती गिटार उचलून परत तारा जुळवायला लागली. मी पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसले. लेक शेजारी. टोपीवाला यावेळी माझ्या मागे होता.

लिफ्टचं गाणं झालं, बरण्यांचं झालं, दोन नवी झाली, त्यातलं एक मला आवडलं नाही आणि त्याला मी टाळी वाजवली नाही, हेही आयुष्यात पहिल्यांदाच. मग ती रिकाम्या घरापाशी आली. आता मला माहीत होतं काय होणार आहे, आणि म्हणूनच मी कधी ऐकलं नव्हतं इतकं ऐकत होते. खुर्ची भिंतीकडे वळवलेल्या माणसासारखी. मी डोळे मिटले, कारण तिचे ओठ बघणं ही लबाडी झाली असती. कपाट गेलं, आरसा गेला, खिडकीची कडी गेली. गिटार थांबली. तिचा आवाज बारीक झाला, त्याच्यातला आवाज गळाला आणि नुसती हवा उरली, आणि त्या हवेत शब्द होते ते एकेक करून विझायला लागले, आधी त्यांच्या कडा, मग मधले भाग. लेकीचा हात माझ्या गुडघ्यावर आला. तो उबदार होता, त्यात माया होती, आईच्या हातातही होती. मी तो उचलला, तिच्या मांडीवर ठेवला आणि परत ऐकू लागले. एक अक्षर आलं. बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, बहुधा ल, अगदी लांबून, आणि मला खात्री होती की हा भास नाही, हा आला. त्याच्यापुढे काही नव्हतं. मी थांबले, एक श्वास, दोन. मग मी एक टाळी वाजवली.

मोठी वाजली. त्या शांततेत ती कुणी दार लावल्यासारखी वाजली, आणि मी डोळे उघडले. बाकीच्यांचं गाणं मी बिघडवलं का? बिघडवलं असेल. पाच वर्षं दाराबाहेर बसून मी कुणाचंच बिघडवलं नव्हतं, कुणी त्याबद्दल आभार मानल्याचं आठवत नाही. मागे खुर्ची करकरली, टोपीवाला पुढे झुकला होता, बोट ओठांकडे निघालं होतं. मी पूर्ण मागे वळले आणि त्या बोटाकडे बघत राहिले, ते खाली मांडीवर जाईपर्यंत. पुढे वळले तर गाणारी माझ्याकडे बघत होती. ओठ हलत होते. ती हसली नाही, थांबली नाही, मानही हलवली नाही. मी दोन्ही हात माझ्या स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले आणि तिच्या उरलेल्या गाण्याला, जे माझं नव्हतं, त्यांचं होतं, आवाज न करता बसून राहिले.

तिचे ओठ मिटले. खोली दणाणली. सगळे उठून उभे राहिले, पाय आपटत होते, मागचं कुणीतरी शिट्टी वाजवत असावं कारण त्याची बोटं तोंडात होती. लेकही उभी होती, टाळ्या वाजवत माझ्याकडे बघत होती, डोळे मोठे करून, आता वाजव ना असं म्हणत. मी बसूनच होते. ती माझ्या कानाशी वाकली.

"आई, आता. आता संपलंय."

"माझी मघाशीच वाजवून झाली," मी म्हटलं.